सामायिक संक्षेप आणि त्याची संक्षेपसूची : आवृत्ती-नियंत्रणातील दूरस्थ पत्त्यांच्या मांडणीची समीक्षा

प्रस्तावना :

ग्रंथाच्या प्रारंभी संक्षेपसूची देण्याची प्रथा मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२-१९३८) उदाहरणापुढे ‘ज्ञा’ असे लिहून अध्याय व ओवी यांचे अंक दिलेले आढळतात. हे एक अक्षर ज्ञानेश्वरीचा निर्देश करते. त्याचा उलगडा करणारी सूची कोशासोबतच असल्यामुळे कोश पुण्यात उघडला काय किंवा पिंपळगाव बसवंत येथील महाविद्यालयात उघडला काय, संक्षेपाचा अर्थ बदलत नाही.

संगणक आज्ञावलीच्या क्षेत्रातही अशाच संक्षेपांचा वापर होतो. अनेक रिपॉझिटरी असलेल्या प्रकल्पात दूरस्थ सर्व्हरचा लांबलचक पत्ता प्रत्येक ठिकाणी लिहिण्याऐवजी एक छोटा उपसर्ग ठरविला जातो. मात्र येथे संक्षेप एका ठिकाणी आणि त्याची सूची दुसऱ्या ठिकाणी राहते. या विभक्ततेचे परिणाम तपासणे आणि महाविद्यालयीन संगणक विभागाच्या दृष्टीने योग्य मांडणी कोणती याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संक्षेपाचे स्वरूप :

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली निर्माण केली. २००८ मध्ये तीत ‘इन्स्टेडऑफ’ ही सोय आली. कॉन्फिग फाइलमध्ये एक मूळ पत्ता आणि त्याऐवजी वापरायचा उपसर्ग नोंदविला, की त्या उपसर्गाने सुरू होणारा प्रत्येक पत्ता गिट स्वतः विस्तारून घेते. दोन उपसर्ग लागू पडत असतील, तर अधिक लांबीचा उपसर्ग ग्राह्य धरला जातो. २००९ मध्ये ‘पुशइन्स्टेडऑफ’ची भर पडली. त्यामुळे संहिता आणताना एक पत्ता आणि बदल पाठविताना दुसरा पत्ता वापरणे शक्य झाले.

या सोयीचे मोल रिपॉझिटरींच्या संख्येबरोबर वाढते. पन्नास रिपॉझिटरींत उपसर्गच नोंदविलेला असेल, तर सर्व्हर बदलल्यावर एकच ओळ दुरुस्त करावी लागते. अन्यथा प्रत्येक रिपॉझिटरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन पत्ता बदलावा लागतो आणि त्यांपैकी एखादी हमखास राहून जाते.

तथापि ही ओळ सामान्यतः वापरकर्त्याच्या व्यक्तिगत कॉन्फिग फाइलमध्ये राहते. रिपॉझिटरीची प्रत घेताना कॉन्फिग फाइल सोबत येत नाही. यामागे सुरक्षिततेचा सयुक्तिक विचार आहे. कॉन्फिग फाइलमधून संगणकावर आज्ञा चालविता येतात. परक्या रिपॉझिटरीबरोबर अशी फाइल आपोआप आली असती, तर प्रत घेणे हेच धोक्याचे ठरले असते. म्हणजे संक्षेप अनेकांचा असतो, परंतु त्याची सूची प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळवावी लागते. या सोयीच्या सर्व मर्यादा या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या लिलावाविषयी बोलताना ‘पिंपळगाव’ एवढे म्हटले, की पिंपळगाव बसवंत समजले जाते. परंतु जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे आणि जालना जिल्ह्यात पिंपळगाव रेणुकाई आहे. अर्धे नाव परिसरापुरते पुरते. पत्रावर मात्र पूर्ण नाव लिहावे लागते. गिटमधील संक्षेपाची स्थिती याहून वेगळी नाही. सूची नसलेल्या संगणकावर ‘केडीई:डॉल्फिन’ असा पत्ता दिला, तर ‘हा संक्षेप अपरिचित आहे’ असे गिट सांगत नाही. अपूर्णविरामापूर्वीचा शब्द ते सर्व्हरचे नाव समजते आणि ‘केडीई’ नावाच्या संगणकाशी जोडणी करू पाहते. परिणामी नवख्या विद्यार्थ्याला नेटवर्कमध्ये दोष असल्याचा संदेश दिसतो आणि खरे कारण झाकलेले राहते.

केडीईचा संक्षेप :

सामायिक संक्षेपाचे ठळक उदाहरण म्हणजे केडीई हा मुक्त संगणक प्रणालीचा प्रकल्प होय. त्यातील शेकडो रिपॉझिटरींसाठी ‘केडीई:’ हा उपसर्ग रूढ झाला. वाचण्यासाठी एक सर्व्हर आणि लिहिण्यासाठी दुसरा सर्व्हर ही व्यवस्था दोन ओळींत सामावली गेली. या दोन ओळी प्रकल्पाच्या मार्गदर्शक लेखनात सर्वांसाठी उपलब्ध होत्या. सूची सार्वजनिक ठेवण्याची ही दक्षता प्रशंसनीय म्हणावी लागेल.

२०२० मध्ये केडीईने आपले काम गिटलॅबवर आधारित नव्या सर्व्हरवर नेले. संक्षेपाची खरी परीक्षा या वेळी झाली. सर्व्हरचे नाव बदलणे सोपे होते, कारण ते संक्षेपामागे दडलेले होते. परंतु पूर्वी सुटी असलेली नावे नव्या ठिकाणी गटांत विभागली गेली आणि डॉल्फिनचा मार्ग ‘सिस्टिम’ या गटाखाली गेला. उपसर्गानंतरचा भाग संक्षेपाच्या कक्षेबाहेर असल्यामुळे हा बदल एका ओळीत सामावणे शक्य नव्हते. संक्षेप स्थळ झाकतो, अंतर्गत रचना झाकत नाही, हे या स्थलांतरावरून दिसून येते. ज्या विभागाला पुढे वर्षनिहाय किंवा विषयनिहाय गट करावयाचे असतील, त्याने ते आरंभीच ठरविणे इष्ट होय.

मर्क्युरिअलची सिद्ध सूची :

गिटबरोबरच २००५ मध्ये निर्माण झालेल्या मर्क्युरिअल प्रणालीने वेगळा मार्ग स्वीकारला. तिच्या ‘स्कीम्स’ या विस्तारात काही संक्षेप आधीच नोंदविलेले होते. त्यांत बिटबकेट, गूगल कोड आणि पायथन भाषेचा सर्व्हर यांचा समावेश होता. सूची साधनाबरोबरच आल्याने विस्तार सुरू करताच हे संक्षेप प्रत्येकाला उपलब्ध होत. वितरणाचा प्रश्न यामुळे सुटला.

परंतु गूगल कोड २०१६ मध्ये बंद झाले, पायथनची संहिता २०१७ मध्ये गिटहबवर गेली आणि बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअलचा आधार काढून घेतला. सूचीतील या तिन्ही नोंदींमागचे आश्रयस्थान काही वर्षांतच नाहीसे झाले किंवा बदलले. संक्षेपसूची सर्वांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. तितकेच ती सांभाळणारा कोणी असणेही आवश्यक आहे, असा बोध यातून होतो.

मराठीच्या संदर्भात :

पत्ते बदलण्याचा हा प्रश्न मराठीलाही स्पर्श करतो. मराठी मजकुरासाठी वापरला जाणारा ‘लोहित देवनागरी’ हा टंक लोहित या मुक्त टंकमालेतील आहे. रेड हॅट कंपनीने ही टंकमाला २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली. तिचे काम फेडोराहोस्टेड या सेवेवर होत असे. ही सेवा २०१७ मध्ये बंद झाली आणि काम पॅग्युअर या सेवेवर गेले. जुन्या टिपणांत व स्क्रिप्टमध्ये लिहिलेला पत्ता त्यामुळे निरुपयोगी झाला.

येथे ‘इन्स्टेडऑफ’चा दुसरा आणि तुलनेने दुर्लक्षित उपयोग लक्षात येतो. उपसर्ग म्हणून छोटा शब्दच हवा असे बंधन नाही; जुना पूर्ण पत्ताही तेथे देता येतो. जुन्या पत्त्याऐवजी नवा पत्ता वापरावा अशी एक ओळ नोंदविली, की जुन्या स्क्रिप्ट न बदलता चालू राहतात. पहिल्या उपयोगात रिपॉझिटरीत अर्धे नाव राहते, तर दुसऱ्या उपयोगात पूर्ण नाव राहते. सूची हरवली तरी पूर्ण पत्त्यावरून प्रकल्पाचा माग काढता येतो. केवळ संक्षेपावरून तो काढता येत नाही. या दृष्टीने दुसरा उपयोग अधिक टिकाऊ ठरतो.

महाविद्यालयीन उपयोजन :

संगणक विभागात विद्यार्थी दरवर्षी बदलतात. प्रकल्पांच्या रिपॉझिटरी मात्र मागे राहतात. प्रयोगशाळेतील संक्षेप एकाच प्राध्यापकाच्या किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाच्या कॉन्फिग फाइलमध्ये असेल, तर त्या व्यक्तीच्या बदलीबरोबर सूचीही जाते आणि पुढील तुकडीच्या हाती उलगडा न होणारे पत्ते उरतात.

यावर गिटमध्येच उपाय आहे. २०१२ पासून एका कॉन्फिग फाइलमध्ये दुसरी फाइल समाविष्ट करता येते. विभागाने केवळ संक्षेपांची एक फाइल स्वतंत्र रिपॉझिटरीत ठेवावी आणि प्रत्येक वापरकर्त्याने तिची प्रत घेऊन आपल्या फाइलमध्ये ती एकदाच समाविष्ट करावी. सर्व्हर बदलल्यास विभागाने एक ओळ बदलावी आणि इतरांनी प्रत अद्ययावत करावी. या सूची-रिपॉझिटरीचा स्वतःचा पत्ता मात्र पूर्ण स्वरूपातच कळवावा लागतो. तसेच कॉन्फिगमधून आज्ञा चालविता येत असल्याने या फाइलमध्ये बदल करण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडेच असावा.

उपरिपॉझिटरींचे पत्ते असलेली ‘गिटमॉड्यूल्स’ ही फाइल रिपॉझिटरीबरोबर सर्वत्र जाते. तिच्यात संक्षेप लिहिल्यास बाहेरच्या परीक्षकाला किंवा माजी विद्यार्थ्याला प्रकल्प उभा करता येणार नाही. तेथे पूर्ण किंवा सापेक्ष पत्ता द्यावा. प्रत्यक्षात कोणता पत्ता वापरला जात आहे हे पाहण्यासाठी ‘गिट रिमोट’ ही आज्ञा तपशिलासह चालवावी; ती विस्तारित पत्ता दाखविते. रिपॉझिटरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये मात्र मूळ लिहिलेला पत्ताच दिसतो. हा फरक विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातच दाखवून द्यावा.

निष्कर्ष :

१. सामायिक संक्षेपामुळे अनेक रिपॉझिटरींचे स्थलांतर सुलभ होते. परंतु ही सुलभता सर्व्हरच्या नावापुरती मर्यादित असते.

२. संक्षेपाचे मूल्य त्याच्या सूचीवर अवलंबून असते. सूची सर्वांना उपलब्ध, एकाच ठिकाणी नोंदविलेली आणि वेळोवेळी तपासलेली असावी.

३. जो मजकूर रिपॉझिटरीबरोबर बाहेर जातो, त्यात पूर्ण पत्ता असावा. संक्षेप विभागाच्या अंतर्गत वापरापुरता ठेवावा.

४. बंद पडलेल्या सेवांचे जुने पत्ते नव्या पत्त्यांशी जोडण्यासाठी याच सोयीचा उपयोग करणे अधिक हितावह आहे.

‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा शेवटचा खंड प्रसिद्ध होऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला, तरी त्यातील ‘ज्ञा’ आजही वाचता येतो. विद्यार्थ्यांच्या रिपॉझिटरी दहा वर्षांनंतर उघडाव्यात अशी अपेक्षा असेल, तर कोशकारांनी पाळलेली ही साधी शिस्त संगणक विभागांनाही अंगीकारावी लागेल.