चिठ्ठीसकट येणारी फाइल

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. आपण आपल्या संगणकावरून त्या नंबरला फोन लावायचा, निरोप वाचायचे, फाइली उतरवून घ्यायच्या. असे पहिले केंद्र वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागोत सुरू केले. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट उभारले, आणि ही सुटी केंद्रे रात्री एकमेकांना फोन करू लागली. मुंबईतही नव्वदच्या दशकात ‘लाइव्ह वायर’ नावाचे बीबीएस चालत असे.

या जाळ्यात फाइली वाटायला बॅरी गेलर यांचा ‘टिक’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. तो आज पुन्हा तपासावासा वाटतो, कारण शिक्षकांच्या मोबाइलवर रोज येऊन पडणाऱ्या पीडीएफचा प्रश्न त्याने निम्मा तरी सोडवला होता.

समजा, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा इथल्या शाळेने तेव्हा असे केंद्र काढले असते. २४०० बिट वेगाच्या मोडेममधून सेकंदाला साधारण २४० अक्षरे येतात. ३०० किलोबाइटची फाइल उतरायला २१ मिनिटे, आणि मुंबईहून घ्यायची तर तेवढा वेळ एसटीडी चालू! त्याऐवजी खामगावच्या केंद्राने रात्रीच्या पाव दरात ती एकदाच आणावी आणि आसपासच्या गावांनी तिथून घ्यावी. टिक बसवणे म्हणजे हीच साखळी लिहून ठेवणे: कोणत्या विषयाच्या फाइली, त्या कोणत्या डिरेक्टरीत ठेवायच्या, कोणाकडून घ्यायच्या, पुढे कोणाला द्यायच्या आणि पासवर्ड कोणता.

टिकचे खरे बळ मात्र चिठ्ठीत आहे. प्रत्येक फाइलबरोबर एक छोटी मजकूर-फाइल येते. फाइलचे नाव, एका ओळीचे वर्णन, ती मुळात कोणी सोडली, कोणत्या केंद्रांतून कधी गेली, कोणाकोणाला आधीच मिळाली आहे, हे सारे तीत असते. शिवाय सीआरसी नावाचा आठ अंकी-अक्षरी आकडा असतो. वाटेत फाइल बिघडली तर पोहोचलेल्या फाइलवरून काढलेला आकडा चिठ्ठीतल्या आकड्याशी जुळत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. ४७३ या संख्येची अंकबेरीज १४. मुलाने चुकून ७४३ लिहिले तरी बेरीज १४च! म्हणजे साधी बेरीज अदलाबदल पकडत नाही. सीआरसी ती पकडते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशाच तपासणीसाठी आहे, मात्र त्याची रीत वेगळी.

आता व्हॉट्सअॅपवर आलेले परिपत्रक घ्या. ‘फॉरवर्डेड’ एवढेच कळते. मुळात कोणी काढले, मधे कोणकोणत्या हातांतून आले, याचा पत्ता नाही. पिंपळगावच्या शिक्षकाकडे त्याच नावाच्या दोन पीडीएफ आल्या, तर खरी कोणती हे त्याने कशावरून ओळखावे? ज्या चिठ्ठीवर काही शेकडा अक्षरे पुरत होती, ती चिठ्ठीच आपण वेग वाढल्यावर टाकून दिली.

तरीही टिकला पूर्ण गुण देता येत नाहीत. पासवर्ड चिठ्ठीत उघडाच लिहिलेला असे. सीआरसी अपघाताने झालेली चूक दाखवतो, लबाडी नाही: फाइल बदलणारा आकडाही बदलू शकतो. त्यासाठी डिजिटल सहीच हवी. चिठ्ठीत ‘ही फाइल अमुक जुन्या फाइलच्या जागी’ अशी एक ओळ येऊ शकते. ती मानायची असे केंद्रचालकाने ठरवले, की जुनी फाइल न विचारता पुसली जाते. एखाद्या शाळेला जुन्या अभ्यासक्रमाचीच प्रश्नपत्रिका हवी असली तर?

आमचा मोठा आक्षेप मात्र दिशेबद्दल आहे. नवी फाइल जाळ्यात सोडण्याला टिकच्या भाषेत ‘हॅच’ म्हणत, म्हणजे अंड्यातून पिल्लू बाहेर पडणे. हॅच कोणीही करू शकतो, पण ती फाइल स्वीकारायची की नाही हे वरच्या केंद्राच्या सेटिंगवर ठरते. कापसावरच्या बोंडअळीच्या नोंदी पिंपळगावच्या मुलांनी केल्या असत्या, तर खामगावने परवानगी दिली तरच त्या मुंबईला पोहोचल्या असत्या. मुंबईची फाइल मात्र, एकदा विषय मागवून ठेवला की, पिंपळगावात आपोआप उतरली असती.