तदर्थ भोजनगृह

'अ‍ॅड हॉक' हे दोन लॅटिन शब्द सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस नवे नाहीत. तदर्थ समिती, तदर्थ नेमणूक, तदर्थ बढती, या साऱ्यांचा अनुभव असा की, तात्पुरते म्हणून जे येते ते सहसा जागचे हलत नाही. परंतु हेच नाव एखाद्या भोजनगृहाने मिरवावे, आणि तेही कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यासारख्या द्राक्षमद्याच्या श्रीमंत मुलखात, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे.

१९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्यांवरील नावे झाकून झालेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच नापाच्या तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही मद्यांस पहिला क्रम दिला. तेव्हापासून या खोऱ्याचा भाव वधारला आणि मद्यामागोमाग अन्नाचाही वधारला. तेथील यॉंटव्हिल या चिमुकल्या गावात टॉमस केलर या पाकपंडितांचे 'फ्रेंच लाँड्री' हे भोजनगृह आहे. १९९४ साली त्यांनी ते विकत घेतले. तेथे माणशी तीनशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. त्याच रस्त्यावर २००६ साली केलर यांनी 'अ‍ॅड हॉक' उघडले. मूळ बेत निराळाच होता : हॅम्बर्गर आणि मद्याच्या अर्ध्या बाटल्या. तो सिद्धीस जाईपर्यंत जागा रिकामी राहू नये, एवढ्यासाठीच ही तात्पुरती सोय होती. लोकांनी ती उठूच दिली नाही.

तेथील रीत साधी. रोज एकच बेत. प्रथम कोशिंबिरीसारखे काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज, शेवटी गोड. अन्न मोठ्या भांड्यांतून टेबलावर यावे व घरच्याप्रमाणे ज्याने त्याने वाढून घ्यावे. आरंभी या चार पदार्थांचे मोल ४५ डॉलर होते. ही रक्कम थोडी नव्हे. पण त्या गावात ती माफकच म्हटली पाहिजे.

याला मोठ्या घरची स्वस्त आवृत्ती समजणे आमच्या मते चूक होय. स्वस्ताई दोन प्रकारे साधते. एक जिन्नस हलका करून, दुसरी निवड कमी करून. ज्या भोजनगृहाची यादी लांबलचक असते, तेथे आपण एक पदार्थ मागवितो आणि न मागविलेल्या वीसांच्या नासाडीचाही भार नकळत सोसतो. 'अ‍ॅड हॉक'ने निवड काढून घेतली, तिच्याबरोबर नासाडीही गेली, आणि वाचलेले द्रव्य पातेल्यात पडले.

२००९ साली निघालेल्या 'अ‍ॅड हॉक अ‍ॅट होम' या पाकग्रंथात याची साक्ष मिळते. तेथे नावाजलेली तळलेली कोंबडी ही अमेरिकेतली अगदी सामान्य वस्तू. पण ती आधी लिंबू, मध, लसूण व तमालपत्र घातलेल्या मिठाच्या पाण्यात बारा तासांपर्यंत मुरवायची, मग पीठ आणि ताक यांचे लेप देऊन तळायची. येथे महाग काय आहे? केवळ वेळ आणि लक्ष. श्रीमंती जिनसांत नसून निगुतीत असते, हे आमच्या आजीबाईंना कोणी शिकविले नव्हते. केलर यांनी ते बाजारात सिद्ध करून दाखविले.

दोष नाहीत असे नव्हे. ज्यांस मांस वर्ज्य आहे त्यांना एकाच बेताची ही सक्ती जाचेल. शिवाय पानातले माप ठरलेले असले तरी पेल्यातले नसते. मद्याच्या मुलखात जेवणाचा हिशेब बहुधा पेल्यापाशीच चुकतो. म्हणूनच मूळ बेतातील अर्ध्या बाटलीची कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. माफक जेवणाला माफक पेयाचीच जोड शोभते.

परमुलखात राहणाऱ्यास यादीतील पन्नास नावे वाचूनही जेवल्यासारखे का वाटत नाही, याचे उत्तर येथे आहे. घरी पानावर बसताना आपल्यापुढे कोणी यादी ठेवीत नाही. कोणीतरी आपल्यासाठी आधीच ठरविलेले असते. लॅटिन 'हॉक' म्हणजे 'हे'. आपल्या परिभाषाकारांनी त्याचे 'तत्', म्हणजे 'ते', केले. कचेरीत ते चालून जाईल. या भोजनगृहाला मात्र मूळचाच अर्थ अधिक शोभतो : हे, आजचे, पानात पडलेले.