वर्गातील ‘प्रातिनिधिक’ संहिता आणि ‘अक्करमाशी’

बहुसांस्कृतिक शिक्षणाचा विचार अमेरिकेत नागरी हक्क चळवळीच्या पाठोपाठ पुढे आला. उपेक्षित समाजगटांचा आवाज अभ्यासक्रमात यावा, ही त्यामागील मागणी रास्तच होती. मात्र आपल्याकडील तौलनिक साहित्याच्या वर्गांत ती रुजताना एक गृहीतकही सोबत आले. एक संहिता म्हणजे एक संस्कृती, हे ते गृहीतक होय. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे आत्मकथन मराठीबाहेरच्या वर्गात ‘दलित जीवनाचा नमुना’ म्हणून शिकवले जाते, तेव्हा त्याचे वाचन नेमके इथेच फसते.

शीर्षकच पाहावे. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे उणा, विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला. संतोष भूमकर यांच्या इंग्रजी अनुवादाने (२००३) मूळ शब्द शीर्षकात दुय्यम स्थानी राखला. पुढे आला तो ‘द आउटकास्ट’. परंतु जातीबाहेरचा असणे आणि वजनात कमी भरणे एक नव्हे. हा तराजू महारवाड्यातही टांगलेला आहे. निवेदकाची सोयरीक जुळताना अडते ती त्यामुळेच. वडील लिंगायत पाटील, आई महार, आणि आजी संतामायसोबत राहून त्याला माया लावणारा महमूद दस्तगीर जमादार मुसलमान. अशा मुलाने कोणत्या संस्कृतीचे प्रतिनिधित्व करावे? (वर्गात हे पुस्तक सुरू होताच एखाद्या दलित विद्यार्थ्याकडे नजरा वळतात, त्याने जणू साक्ष द्यावी अशी अपेक्षा असते, ती या प्रश्नाचीच हिणकस आवृत्ती होय.)

पुस्तकातील शाळेचा प्रसंग या दृष्टीने अधिक बोलका आहे. पटावर वडिलांचे नाव काय लावायचे? हणमंता लिंबाळे याचा विरोध न जुमानता मुख्याध्यापक त्याचेच नाव लावतात. नाकारणाऱ्या बापाचे ते आडनाव आज मुखपृष्ठावर लेखकाचे म्हणून छापले जाते. न्याय आणि जखम दोन्ही एकाच रकान्यात नोंदले गेले आहेत.

याशेजारी ओमप्रकाश वाल्मीकि यांचे हिंदी ‘जूठन’ (१९९७) ठेवावे. तिथे मुख्याध्यापक मुलाच्या हाती झाडू देतो आणि वडील तो हिसकावून घेऊन त्याला जाब विचारतात. इथे मुख्याध्यापक मुलाच्या बाजूने उभा राहतो, विरोधात असतो तो बाप. ‘दलितांचा शालेय अनुभव’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही प्रसंग घातले, तर तौलनिक अभ्यासकाने तुलना करायची ती कशाची?