पोशाखाचे सामर्थ्य : एका प्रदर्शनाच्या निमित्ताने

चित्रपटासाठी शिवलेले कपडे कलासंग्रहालयात मांडावेत काय? २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना हा प्रश्न घरातच निघाला. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या विख्यात संग्रहालयात ‘स्टार वॉर्स अँड द पॉवर ऑफ कॉस्च्युम’ हे प्रदर्शन भरले होते. नातवंडांचा हट्ट होता, जावईबापूंना मात्र ते सारे पोरखेळ वाटत होते. अखेर सहाही जण गेलो. जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की, याच संग्रहालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ मध्ये कारखान्यांची आणि कामगारांची भव्य चित्रे रंगविली, तेव्हा कलामंदिरात यंत्रे कशाला, असे विचारणारे लोक होतेच. आज तीच चित्रे त्या वास्तूचे भूषण आहेत.

२०१५ साली सिएटल येथे सुरू झालेले हे फिरते प्रदर्शन स्मिथसोनियन संस्थेने लुकास म्युझियमच्या सहकार्याने उभे केले होते. साठांहून अधिक मूळ पोशाख त्यात होते. मान अर्थातच अमिडाला राणीच्या वस्त्रांना. १९९९ च्या चित्रपटापासून पुढील तीन चित्रपटांसाठी ही वस्त्रे ट्रिशा बिगर या स्कॉटिश वेशभूषाकार बाईंनी सिद्ध केली. सिंहासनावर बसतानाचा तो तांबडा घेरदार पोशाख, त्याच्या तळाशी ओळीने लुकलुकणारे दिवे, त्यावरील चिनी राजदरबाराची छाया. दुसऱ्या एका पोशाखावर मंगोल राजस्त्रियांच्या शिरोभूषणाची छटा. सौभाग्यवती त्या तांबड्या वस्त्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “शिवणाऱ्याच्या बोटांना किती टोचले असेल!” एवढेच त्या म्हणाल्या. समीक्षेच्या परिभाषेत हे बसत नसले, तरी त्या दालनावरचा याहून योग्य अभिप्राय मला सुचत नाही. कारागिरी अजोड आहे. पण ती पाहून आपण स्तिमित होतो आणि पुढच्या पुतळ्याकडे वळतो. मनात काही रुतत नाही.

रुतते ते १९७७ च्या पहिल्या चित्रपटातील साध्या, मळकट कपड्यांत. त्यांचे कर्ते जॉन मोलो. हे गृहस्थ मुळात लष्करी गणवेशांचे इतिहासकार. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यांना घातलेली अट मोठी विलक्षण होती : प्रेक्षकांचे लक्ष कपड्यांकडे जाताच कामा नये. मोलो यांनी नवे काही ‘निर्माण’ करण्याचा आव आणला नाही. खलनायक डार्थ व्हेडरचा पहिला वेश त्यांनी पोशाखांच्या कोठारातील तीन विभाग धुंडाळून जुळविला. एका विभागातून मोटारसायकलस्वाराचा चामडी वेश, लष्करी विभागातून जर्मन शिरस्त्राण आणि विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा, आणि धर्मवस्त्रांच्या विभागातून एक झगा!

आमचा नऊ वर्षांचा नातू नेमका इथेच अडला. “आजोबा, चांगल्यांचा झगा फादरसारखा आहे, आणि वाईटांचाही फादरसारखाच. असं का?”

प्रदर्शनातील फलकांनी त्याला एक उत्तर दिले. जेडाई योद्ध्यांच्या वेशामागे मठवासी साधूंचा अंगरखा आणि जपानी किमोनो या प्रेरणा आहेत, असे ते सांगत होते. माहिती खरी आहे. परंतु माझा आक्षेप आहे तो इथेच. चिनी राजवस्त्र, सामुराईंचे चिलखत आणि संन्याशाचा झगा ही सारी जणू एकाच पेटीतील कापडाचे नमुने असावीत, अशा समान तटस्थतेने ती मांडलेली होती. राजवस्त्र धनाने मिळते, चिलखत बलाने. संन्याशाचा झगा या दोहोंचा त्याग केल्यावर अंगावर चढतो. फ्रान्सिस्कन बंधूंच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात, त्या शोभेसाठी नव्हेत; दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या त्या खुणा आहेत. ज्या कपड्यामागे शेकडो वर्षे माणसांनी दिलेला शब्द उभा आहे, त्याला केवळ ‘प्रेरणास्थान’ म्हणून मोकळे होता येत नाही. आणि म्हणूनच तो खलनायकाच्या खांद्यावर गेला की आपण शहारतो. ज्या वस्त्रावर लोकांनी विश्वास टाकलेला नाही, त्याने कोणाला फसविता येत नाही.

हे नातवाला कसे सांगावे? मी त्याला सर ॲलेक गिनेस यांची हकीकत सांगितली. पहिल्या चित्रपटात ओबी-वान केनोबी या वृद्ध जेडाईचा तपकिरी झगा यांनीच घातला होता. त्याच्या वीसेक वर्षे आधी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ते चेस्टरटनच्या फादर ब्राऊनची भूमिका करीत होते. तो चित्रपट १९५४ चा. एका सायंकाळी चित्रीकरणानंतर कॅसॉक न उतरविताच ते मुक्कामाकडे परतू लागले. वाटेत एक अनोळखी लहान मुलगा आला, त्यांना ‘फादर’ म्हणून हाक मारीत त्याने त्यांचा हात धरला आणि बडबड करीत खुशाल त्यांच्याबरोबर चालू लागला. थोड्या वेळाने निरोप घेऊन तो पळाला. गिनेस तेव्हा कॅथलिक नव्हते. आपण बोललो तर परक्या उच्चारांनी मूल घाबरेल, म्हणून ते गप्पच राहिले होते. पुढे त्यांच्या मनात आले की, ज्या चर्चच्या पुरोहितावर, तो ओळखीचा नसतानाही, एखादे मूल असा भरवसा टाकते, ते चर्च आपल्याला सांगितले गेले तितके कपटी असणार नाही. १९५६ मध्ये ते कॅथलिक झाले. कारणे इतरही होती. पण हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मचरित्रात आवर्जून नोंदविला आहे.

त्या मुलाने ज्याचा हात धरला तो नट होता. पण ज्याच्यावर विश्वास टाकला तो त्याच्या गावातला कोणीतरी खरा फादर असणार. पोशाखाचे सामर्थ्य म्हणतात ते हे, आणि त्याचे ओझेही हेच. कॅसॉकच्या आडोशाने लहानग्यांचा विश्वासघात झाल्याची प्रकरणे आपल्या पिढीने वाचली आहेत. ती वाचल्यावर हे ओझे किती भारी आहे, ते वेगळे सांगायला नको. नातू ऐकत होता. मग त्याने विचारले, “तो मुलगा खोट्या फादरकडे गेला, तर देवाला राग नाही आला?” त्याच्या आईने त्याला पुढच्या दालनात नेले.

गिनेस यांच्या झग्याचे पुढे काय झाले, तेही मौजेचे आहे. लंडनच्या पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात तो कित्येक वर्षे ओळख हरवून टांगलेला होता. १९९९ च्या ‘द ममी’ चित्रपटात तो गर्दीतल्या कोणा नटाच्या अंगावर दिसून गेला. पुढे ओळख पटली आणि २००७ साली लिलावात त्याला ५४ हजार पौंड आले. कापड तेच, वीण तीच!

मराठी वाचकाला या प्रदर्शनात आणखी एक धागा सापडतो, फलकांवर तो नसला तरी. व्हेडरला झगा देणारे हेच मोलो पुढे १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचे सहकारी झाले, आणि वेशभूषेचे ऑस्कर दोघांनी विभागून घेतले. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरच्या सुटापासून पंच्यापर्यंत एका माणसाचे कपडे कमी कमी होत जातात, आणि त्याचा अधिकार मात्र वाढत जातो, हे त्यांनी त्या चित्रपटात वस्त्रांतून दाखविले. त्या तांबड्या राजवस्त्रासमोर उभे असताना मला राहून राहून त्या पंच्याची आठवण होत होती. तसा पंचा एखाद्या पुतळ्याला नेसवून काचेमागे उभा केला, तर त्यापुढे किती लोक थांबतील, कोण जाणे. २०१२ मध्ये भानूताईंनी आपले ऑस्करचे मानचिन्ह जपणुकीसाठी अकादमीकडेच परत दिले. येथे ते नीट राखले जाईल, असा भरवसा त्यांना वाटला नव्हता.