दोन पाळक, दोन चित्रपट
इंगमार बर्गमनचा ‘विंटर लाइट’ (१९६३) व पॉल श्रेडरचा ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’ (२०१७) हे चित्रपट नुकतेच लागोपाठ पाहिले. दोहोंतही एक निराश मनुष्य पाळकाची भेट घेतो आणि पुढे आत्महत्या करतो. श्रेडरचा टोलर निदान त्याचे ऐकून घेतो. उत्तरार्ध मात्र भडक वाटला. बर्गमनचा टोमास अणुबाँबच्या भयाने खचलेल्या कोळ्यापुढे स्वतःच्याच अश्रद्धेचे गाऱ्हाणे मांडतो. पाळकीय सेवा करणाऱ्यास हा प्रसंग बोचल्यावाचून राहत नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे मर्म तेथे कळले आहे ते कुबड्या देऊळसेवकाला, आल्गोटला : खिळ्यांच्या वेदनेहून शिष्यांनी टाकून जाणे व पित्याचे मौन अधिक दारुण. टोमास केवळ होकार देतो. बाकांवर अश्रद्ध शिक्षिका मार्टा एकटीच. तरी तो उपासना आरंभतो.