अर्ध्या मीटरचा वारसा: स्नेहलतागंजातून ‘अरण्य’ वसाहतीकडे पाहताना

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत इंदूरच्या वारसास्थळांची यादी वाचली गेली. राजवाडा, लालबाग, माणिकबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, गांधी हॉल, या नावांवर कुणाचंच दुमत नव्हतं. ‘अरण्य’ वसाहतीचं नाव आलं आणि दोन तट पडले. “तिथे आता बघण्यासारखं उरलंय काय? सगळी घरं लोकांनी बदलून टाकलीत,” असा एका बाजूचा मुद्दा होता. मत घ्यायची वेळ आली तेव्हा मीही वगळण्याच्या बाजूने हात वर केला. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी अरण्यमध्ये धड पायी फिरलोसुद्धा नव्हतो. पुस्तकांतली छायाचित्रं पाहिली होती, तेवढ्यावर मत बनवलं होतं. त्यानंतर दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा मोजपट्टी घेऊन. हे टिपण त्या फेऱ्यांवर आहे. माझं मत मी मागे घेतोय, पण म्हणून अरण्यची नुसती आरती ओवाळायची नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंदुरात सुमारे ५१,००० कुटुंबं बेघर होती किंवा बेकायदा वस्त्यांत राहत होती. शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला, ८५ हेक्टरच्या जागेवर इंदूर विकास प्राधिकरणाने वसाहत काढायचं ठरवलं. १९८३ मध्ये आखणीचं काम सुरू झालं, ते बाळकृष्ण दोशी यांच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे. सुमारे ६,५०० भूखंड, सहा विभाग, मधोमध बाजारपेठेचा कणा आणि साठ हजार माणसांची सोय. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम ३८० चौरस फूट. गरीब कुटुंबाला त्यावर काँक्रीटचं जोतं, संडास-न्हाणीचा गाळा आणि फार तर एक खोली मिळायची. बाकीचं घर त्याने ऐपतीप्रमाणे, हव्या त्या सामानात बांधायचं. पहिली रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरलेली, उरलेलं कर्ज महिन्याच्या हप्त्यांनी. घर कसं वाढवता येईल हे दाखवायला दोशींनी नमुन्याची ८० घरं आखली. १९९५ मध्ये वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रित्झकर पुरस्कार जाहीर झाला तेव्हाही अरण्यचं नाव निघालं की बहुतेक याच नमुना-घरांची छायाचित्रं छापली गेली.

गफलत इथेच होते. आपण अरण्यला जातो ते ही ८० घरं शोधायला. आणि तिथे दिसतात चकचकीत फरशा, लोखंडी जाळ्या, चढवलेले मजले आणि गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या. मग आपण म्हणतो, संपलं.

मला वाटतं, अरण्यमध्ये दोशींचं खरं काम घरांत नाहीच. ते जोत्यात आहे, गल्लीत आहे, आणि घर व गल्ली यांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

आधी जोत्याचं सांगतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या मातीत पाया घालणं हेच घराचं सगळ्यात खर्चाचं आणि जोखमीचं काम. भिंत माणूस हळूहळू बांधेल, पत्र्याचं छप्पर चार वर्षं चालवेल, पण पाया चुकला तर पुढचे सगळे पैसे पाण्यात. जे गरिबाला एकट्याने जमणार नाही नेमकं तेवढंच हाती दिलं, आणि जे त्याला जमतं ते त्याच्यावर सोपवलं. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. जमीन आणि सोयी द्या, घर लोक बांधतील, हा विचार तेव्हा नवा नव्हता. जागतिक बँकेने १९७२ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरात अशा योजनेला कर्ज दिलं होतं. पण अशा योजनांची आखणी बऱ्याचदा मोजपट्टीने पाडलेल्या चौकटींची असते. अरण्यच्या मंडळींनी आधी इंदूरच्याच वस्त्या पाहिल्या. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासगटाने वास्तुशिल्पच्या साथीने इथल्या झोपडवस्त्यांची मोजमापं घेतली. माणसं दाराबाहेर काय काय करतात, कुठे भांडी घासतात, कुठे दुकान थाटतात, झाडाखाली कोण बसतं, हे सगळं कागदावर उतरवलं.

त्याआधीही एकाने इंदूरच्या गल्ल्या असंच पायी फिरून पाहिल्या होत्या. पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. मोठे रस्ते काढायला घरं पाडण्यापेक्षा जुन्या वस्तीत बेताची दुरुस्ती करा, असं त्यांचं म्हणणं. दोशी त्याच वाटेवरचे, फक्त ते कोऱ्या जमिनीवर वस्ती वसवत होते.

आता पट्ट्याविषयी. अरण्यच्या आखणीत घराची भिंत आणि गल्ली यांच्यामध्ये साधारण अर्धा मीटर जागा मुद्दाम सोडली. त्यात घरमालकाने जिना काढावा, ओटला बांधावा, सज्जा काढावा. दहा घरांचा एक गट, मागे छोटं अंगण, पुढे गल्ली आणि मध्ये हा पट्टा. मी मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास गेलो तेव्हा उन्हाने गल्ली भाजून निघत होती, पण समोरासमोरच्या उंच घरांमुळे एक बाजू पूर्ण सावलीत होती. त्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक ओटल्यावर कुणी ना कुणी होतं. एकीकडे शिवणयंत्र चालू, एकीकडे लसूण सोलणं. मी एका घरापुढे मोजपट्टी धरली तसं एका बाईंनी विचारलं, “भैया, तोड़ने वाले हो क्या?” नाही म्हटल्यावर त्यांनी आत बोलावलं. घर तीन मजली, नव्या फरशांचं. पण न्हाणीघराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ये तो पहले से है, इसी के आसपास सब बनाया.” १९८० च्या दशकातला तो गाळा अजून वापरात आहे. आपण ज्याला ‘काहीच उरलं नाही’ म्हणत होतो, ते घर त्या गाळ्याभोवतीच वाढलेलं.

दोशींचं संस्थांसाठीचं काम शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो. बंगळूरच्या आयआयएमचा परिसर त्यांच्याच भागीदारीतल्या संस्थेने आखला, काम १९७७ पासून सुरू झालं. राखाडी दगडाच्या भिंती, वर वेली चढवलेल्या लांबच लांब ओसऱ्या, ऊन-सावलीचे पट्टे, फतेहपूर सिक्रीची आठवण देणारी अंगणं. आजही ते जवळपास चित्रासारखं आहे, कारण त्याला एक मालक आहे, माळी आहेत, देखभालीचा पैसा आहे. आपल्या माणिकबागेचंही तेच होतं. यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला खुर्चीपासून दिव्यापर्यंत सगळं एका हाताने रचलं. ते सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं, आणि उरली ती सरकारी कर-कार्यालयाची इमारत. ज्या वास्तूची रचना पूर्ण असते, तिच्यातून एक खुर्ची हलली तरी नुकसान होतं. अरण्य मुळातच अपूर्ण ठेवलेलं. तिथे भर पडली नसती तर ते फसलं असं म्हणावं लागलं असतं.

दोशी पुण्यात १९२७ मध्ये जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. पुण्यातलं आपलं एकत्र कुटुंबाचं घर माणसं वाढतील तसं कसं वाढत गेलं, हे ते नेहमी सांगत. अहमदाबादच्या विमा महामंडळाच्या वसाहतीत, १९७३ मध्ये, त्यांनी एकाच इमारतीत तळाला मोठं घर आणि वर चढत जाताना लहान घरं ठेवली, म्हणजे वेगवेगळ्या मिळकतीची कुटुंबं एकाच जिन्याने जातील-येतील. अरण्य ही त्याच धाग्याची पुढची गाठ.

पण इथेच माझी पहिली तक्रार आहे. अहमदाबादेत जिना एक होता. अरण्यमध्ये प्रत्येक विभागात सर्वांत गरीब कुटुंबं मधोमध आणि बऱ्या मिळकतीची कडेला, मोठ्या रस्त्यालगत. कागदावर हे मिश्रण दिसतं. शाळा एक, बाजार एक, हेही खरं. पण गल्ली वेगळी, आणि शेजार तर गल्लीत घडतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. शहर वाढत विजयनगरपर्यंत आलं आणि ३५ मीटरच्या तुकड्यालाही सोन्याचा भाव आला. हप्ते फेडून मालक झालेल्या माणसाने तो विकला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण मग योजना ज्यांच्यासाठी होती ते गेले कुठे? मला भेटलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत मूळ कुटुंब नव्हतं. माझी फेरी लहान, त्यावरून मी सगळ्या वसाहतीबद्दल बोलणार नाही. एवढंच म्हणेन, की घर वाढेल याचा विचार आराखड्यात बारकाईने झाला, भाव वाढेल याचा तेवढा झालेला दिसत नाही. नमुन्याची ८० घरं मला याच कारणाने थोडी खटकतात. ती इतकी देखणी होती, की सगळ्या पाहणाऱ्यांची नजर तिथेच अडकली, आणि शेजारच्या साध्या जोत्यावर कोण राहायला आलं हे विचारायचं राहून गेलं.

तिसरी गोष्ट नवी मुंबईतल्या बेलापूरची आठवण काढून सांगतो. चार्ल्स कोरिया यांची तिथली वसाहत याच काळातली, वाढत्या घरांचीच. तिथे सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती, भूखंड ४५ ते ७५ मीटरचे, आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, म्हणजे एकाने पाडकाम काढलं तर शेजाऱ्याला झळ नको. अरण्यमध्ये जागा वाचवायला भिंती सामाईक. त्यामुळे गल्लीला सावली मिळाली, खर्च वाचला. पण मागच्या अंगणावर स्लॅब पडला की मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत तो लावलेला होता. ३५ मीटरमध्ये दोन पिढ्या मावत नाहीत, आणि पहिला बळी अंगणाचा जातो. दुसरा जातो ओटल्याचा, दुचाकी आणि मोटारीपायी.

हे लिहिताना मला स्नेहलतागंजातली माझीच गल्ली आठवत राहते. आमच्याकडे बाळकृष्ण दोशी आले नव्हते. पण घराला ओटला होता, त्यावर आजोबा संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचे, आणि येणारा-जाणारा दोन मिनिटं टेकायचा. मराठी, हिंदी, माळवी तिथेच एकमेकींत मिसळायच्या. सात वर्षांपूर्वी आम्ही तो ओटला तोडून मोटारीसाठी उतार केला. मीच उभं राहून तोडून घेतला. समोरच्यांनी दोन वर्षांनी तेच केलं. आता गल्लीत ओळखी आहेत, पण थांबायला जागा नाही. या गल्लीची कमान कुणी पाडली असती तर मी मंडळात निवेदन घेऊन आलो असतो. ओटला गेला त्याचं निवेदन कुणी केलं नाही, मीही नाही. म्हणून त्या बैठकीत वर केलेला हात मला जास्त बोचतो.

तेव्हा माझी विनंती अशी. अरण्य यादीत ठेवावं, पण अमुक क्रमांकाचं घर म्हणून नव्हे. गल्ल्यांची रुंदी, घरांपुढचा अर्ध्या मीटरचा पट्टा आणि गटांमधल्या मोकळ्या जागा, एवढ्याची नोंद व्हावी. वरचे मजले आणि फरशांचा रंग रहिवाशांवर सोडावा. आणि दुसरं काम घाईचं आहे. ज्यांनी पहिलं जोतं पाहिलं, हप्ते भरले, ती माणसं आता सत्तरीत आहेत. कुणाकडे वाटपपत्र, हप्त्याची पावती, अर्धवट घरासमोरचा फोटो असेल तर त्याची प्रत आपल्याकडे हवी. विकून गेलेल्यांचाही शोध घ्यायला हवा, ते कुठे गेले हे कळल्याशिवाय अरण्यचा हिशेब पुरा होणार नाही. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी मी तिकडे जाणार आहे. दोघं-तिघं बरोबर आले तर एका विभागाची मोजणी पावसाआधी होईल. मोजपट्टी माझ्याकडे आहे.