'पुसून स्वच्छ करावे' : एका सूचनावाक्याची चिकित्सा

इलेक्ट्रॉनिक डाखकाम शिकविणाऱ्या पुस्तिकांत आणि प्रयोगशाळांतील सूचनापत्रकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा आढळते : 'डाख दिल्यानंतर पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ करावी.' येथे पाटी म्हणजे पीसीबी, मुद्रित परिपथाची पाटी. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात काहीही वावगे नाही. तरीही या वाक्याबरहुकूम वागणाऱ्याच्या हातून पाटी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याच्या अवस्थेत जाऊ शकते, आणि हा दोष रसायनाचा नसून बऱ्याच अंशी शब्दार्थाचा आहे. भाषाभ्यासकाने या विषयात हात घालण्याचे कारण एवढेच.

प्रथम 'विद्रावक' हा शब्द घेऊ. 'मामा', 'शेजारी', 'शत्रू' ही जशी सापेक्ष नामे आहेत, तसेच हेही आहे. कोणीही मनुष्य नुसता मामा नसतो. तो कोणाचा तरी मामा असतो. त्याचप्रमाणे कोणताही द्रव नुसता विद्रावक नसतो. तो कशाचा तरी विद्रावक असतो. उपरिनिर्दिष्ट वाक्यात विद्रावकाचे नाव आहे, परंतु काय विरघळवावयाचे आहे त्याचा उल्लेखच नाही. ही षष्ठी गाळल्यामुळे अल्कोहोल हे सर्वांचे मामा होऊन बसले आहे.

मग पाटीवर उरते तरी काय? फ्लक्स हा शब्द 'वाहणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. तप्त धातूवरील ऑक्साइडचा थर काढून डाख नीट वाहता करणे हे त्याचे काम होय. आपल्याकडे कल्हईवाला हेच काम नवसागराकडून करून घेतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांडे पाण्याने धुतले की त्याचा अवशेष निघून जातो, कारण तो क्षार आहे. इलेक्ट्रॉनिक डाखकामातील परंपरागत फ्लक्समध्ये मात्र दोन भिन्न प्रकृतीचे पदार्थ एकत्र नांदतात. एक पाइन वृक्षाची राळ. तिचा मुख्य घटक ॲबिएटिक आम्ल. त्याच्या रेणूचा मोठा भाग हायड्रोकार्बनचा, आणि एका टोकाशी आम्लगट. दुसरा पदार्थ म्हणजे राळेचा जोर वाढविण्यासाठी घातलेले अमाइन हायड्रोक्लोराइडसारखे क्षार किंवा सेंद्रिय आम्ले. त्यांस कारखान्यात ॲक्टिव्हेटर म्हणतात. आपण चेतक म्हणू. चेतक हे नवसागराच्या कुळातले. राळेला पाणी मानवत नाही. क्षारांना पाण्यावाचून चालत नाही. एका अवशेषाला दोन षष्ठी हव्यात, हे येथे ध्यानी यावे.

अल्कोहोलची योग्यता यावरून समजते. त्याच्या रेणूत लहानसा हायड्रोकार्बन भाग आणि हायड्रॉक्सिल गट दोन्ही असल्यामुळे राळ त्यात सुखाने विरघळते. क्षारांशी त्याचे जेमतेम जमते. थोडे पाणी घातले की क्षार अधिक विरघळतात, फार घातले की राळ पांढरी होऊन बाहेर पडते. याकरिता ९९ टक्क्यांची आणि ७० टक्क्यांची बाटली ही दोन भिन्न साधने आहेत. केवळ 'अल्कोहोल' म्हटल्याने हा भेद पुसला जातो. ज्या फ्लक्समध्ये राळच नाही, जो पाण्यात विरघळणारा म्हणून विकला जातो, त्यास तर गरम शुद्ध पाणीच हवे. तेथे अल्कोहोल हा उपरा पाहुणा ठरतो.

'समान समानास विरघळवते' हे जुने वचन विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. पण समान कशाने? साम्याला नेहमी एक अंग लागते. चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ साली कोपनहेगन येथे सादर केलेल्या प्रबंधात या वचनाला तीन अंगे दिली : विसरण-आकर्षण, ध्रुवीयता आणि हायड्रोजन-बंध. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे अंक १५.८, ६.१ आणि १६.४ येतात, हेक्झेनचे १४.९, ० आणि ०. ही दोन शून्ये बोलकी आहेत. हेक्झेन चेतकांच्या वाटेला जाऊ शकत नाही, हे ती वापरण्यापूर्वीच सांगतात.

असे असूनही विद्रावकाची निवड पुष्कळदा 'लवकर वाळतो' या एकाच गुणावर होते, आणि वाळणे व विरघळवणे या दोन क्रियांची गल्लत केली जाते. या गल्लतीची किंमत केवळ पाट्यांनी मोजलेली नाही. चीनमधील सूचौ येथे २००९ च्या सुमारास स्पर्शपटल पुसण्याच्या कामी अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणले गेले, कारण ते अधिक वेगाने उडते. शरीरात हेक्झेनपासून तयार होणारे एक द्रव्य हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करते; १३७ कामगारांना त्याची बाधा झाल्याचे पुढे मान्य करण्यात आले. तेथे प्रश्न फ्लक्सचा नव्हता, परंतु निवडीचा निकष तोच होता. 'लवकर उडतो' याचा दुसरा अर्थ 'लवकर श्वासात जातो' असा आहे, आणि तो सूचनापत्रकात कोणी लिहीत नाही.

आता 'पुसणे' हे क्रियापद. मराठीत ते दोन प्रकारची कर्मे घेते : 'पाटी पुसली' आणि 'अक्षरे पुसली'. पहिल्या प्रयोगात पृष्ठभाग कर्मस्थानी आहे. वरचे द्रव्य कोठे गेले याविषयी वाक्य मौन पाळते. शाळेतील दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की अक्षरे जातात आणि वाळल्यावर सबंध पाटीभर पांढुरका थर उमटतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. अल्कोहोलचा बोळा फिरवलेल्या पीसीबीवर अगदी हेच घडते. राळ विरघळते, पसरते, अल्कोहोल उडून जाते आणि राळ पातळ होऊन तेथेच राहते. तिच्या कवचात बंदिस्त असलेले क्षार तेवढे उघडे पडतात. पुढे हवेतील ओल आणि दोन तारांमधील विद्युत्दाब यांची गाठ पडली, की धातूचे आयन ऋणाग्राकडे जाऊन तेथून झाडाच्या फांद्यांसारखे धातूचे तंतू वाढू लागतात. कोकणातील किंवा गोव्यातील पावसाळ्यात ही ओल शोधावी लागत नाही. म्हणून विद्रावकाने विरघळवणे हे अर्धेच काम होय; भारलेला द्रव पाटीवरून वाहून जाणे किंवा वाळण्यापूर्वी कोऱ्या फडक्याने टिपून घेणे हे उरलेले अर्धे. 'पुसावे' यापेक्षा 'धुऊन निथळावे' हे शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरतील.

'स्वच्छ' या विशेषणाची कथा वेगळी. पाटी ७५ भाग अल्कोहोल व २५ भाग पाणी यांच्या मिश्रणात धुऊन त्या द्रवाची विद्युत्वाहकता मोजावयाची, आणि दर चौरस सेंटिमीटरला सोडियम क्लोराइडच्या १.५६ मायक्रोग्रॅमइतक्या भारापर्यंत पाटी स्वच्छ मानावयाची, असा संकेत १९७० च्या दशकापासून रूढ होता. हा अंक राळयुक्त फ्लक्सच्या काळातला. शिवाय तो सबंध पाटीची सरासरी सांगतो, एखाद्या घटकाच्या पोटाखाली साचलेला क्षार दाखवीत नाही. जे-एसटीडी-००१ या मानकाच्या २०१८ सालच्या दुरुस्तीने केवळ या अंकावर पाटी पसंत करण्याची प्रथा मोडली आणि उत्पादकाने आपल्या प्रक्रियेचा स्वतंत्र पुरावा द्यावा असे म्हटले. विशेषणाला अंक चिकटवला म्हणजे त्याचा अर्थ कायमचा ठरतो, ही समजूत भाषेतही टिकत नाही.

शेवटी 'नो-क्लीन'. या नावाचा प्रसार इतिहासाने घडवला. पूर्वी पाट्या सीएफसी-११३ ने धूत. तो ४७.६ अंश सेल्सियसला उकळतो, पेट घेत नाही, प्लॅस्टिकला त्रास देत नाही. क्षारांसाठी त्यात मेथॅनॉल किंवा इथॅनॉल मिसळावे लागे, एवढेच. मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये ओझोनविषयी इशारा दिला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, विकसित देशांत १९९६ पासून आणि भारतात २०१० पासून सीएफसींचे उत्पादन थांबले. धुण्याचे साधन गेल्यावर न धुण्याजोगा फ्लक्स पुढे आला. इंग्रजी समासात यातील विध्यर्थ लपून राहतो. मराठीला तो सांगावाच लागतो. 'स्वच्छ करण्याची गरज नाही', 'स्वच्छ करू नये', 'स्वच्छ करता येत नाही' या तिन्हींपैकी कोणता? कारागीर तिन्ही अर्थ घेताना दिसतात. उत्पादकाचा अर्थ पहिला : पुरेसा तापलेला अवशेष निरुपद्रवी राहतो. तथापि अर्धवट पुसल्यास कवच फुटते, म्हणून व्यवहारात दुसरा अर्थ त्याच्या निकट येतो. धुवावयाचे तर पूर्ण धुवावे. आणि पहिल्या अर्थातील 'पुरेसा तापलेला' ही अट नावात कोठेच नाही. दुरुस्ती करताना द्रव फ्लक्स सढळ हाताने ओतला जातो. तो ओघळून घटकांखाली थंड जागी बसतो, त्यातील चेतक खर्ची पडलेले नसतात. तेवढ्या भागापुरते 'नो-क्लीन' हे नाव लागूच पडत नाही, आणि तेथे त्या फ्लक्सच्या माहितीपत्रकात सांगितलेला विद्रावक घेऊन धुणे भाग असते.